समुद्र नसलेल्या तालुक्यातून समुद्राचा अभ्यास

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातून आलेले आपले पत्र वाचले. आपली मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण 64 टक्के आहेत आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या गाळात साठणाऱ्या जड धातूंवर तिला संशोधन करायचे आहे. तिने बी.एड. करावे असे आपल्याला वाटते. म्हणून ‘हे खूळ तिच्या डोक्यातून कसे काढावे’ असे आपण विचारले आहे.

मला काळजी गुणांची वाटली नाही. एवढ्या लांबलचक पत्रात मुलीच्या तोंडचे एकही वाक्य नाही, याची वाटली. पाहुणे काय म्हणतात, थोरल्या मुलाची स्पर्धा परीक्षांत किती वर्षे गेली, यंदा कपाशीने कसा दगा दिला, हे सारे आपण लिहिले. पण हे शिक्षण तिला का हवे, हे विचारल्याचा उल्लेख कुठेच नाही. उलट, ऐकले नाही तर दिवाळीनंतर स्थळे पाहू, असे आपण तिला बजावले आहे. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासात असलेल्या मुलीला लग्नाचा धाक घालणे मला अजिबात मान्य नाही. थोरल्याच्या अपयशाची वसुली धाकटीकडून करू नये.

‘आमच्याकडे समुद्र कुठे?’ हा आपला आक्षेप मात्र गैरसमजातून आला आहे. आपली अरुणावती नदी पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते आणि ती गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. शिसे, पारा यांसारखे जड धातू पाण्यात फार काळ विरघळलेले राहत नाहीत. ते चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात, कुजून नष्ट होत नाहीत, आणि गाळ उपसला किंवा पाण्यातील प्राणवायू घटला की पुन्हा सुटून शिंपल्यांत व माशांत शिरू शकतात. बोटीवरचे दिवस थोडे असतात. बहुतेक काम प्रयोगशाळेत गाळ वाळवणे, 63 मायक्रॉनच्या, म्हणजे अतिशय बारीक छिद्रांच्या, चाळणीने चाळणे, आम्लात विरघळवून यंत्रावर मोजणे असे चालते. शिवाय धातू सापडला म्हणजे प्रदूषण झालेच, असेही नाही. आपल्या काळ्या मातीत बेसॉल्ट खडकातून आलेले तांबे आणि क्रोमियम निसर्गतःच असते, म्हणून मातीत मुळातच मुबलक असलेल्या अॅल्युमिनियमशी त्यांचे प्रमाण ताडून माणसाने घातलेली भर वेगळी काढावी लागते. हा हिशेब काळ्या मातीत वाढलेल्या मुलीला परका का वाटावा?

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम किंवा सीयूईटी-पीजी ही परीक्षा, पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट, हा मार्ग तिला ठाऊक असेलच. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मात्र या क्षेत्रात कायम नोकऱ्या कमी आहेत आणि पीएच.डी.ला बरीच वर्षे जातात, हे तिलाही स्पष्ट सांगावे लागेल. म्हणून माझा सल्ला असा की तिने आधी विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात, म्हणजे कशात कोणता घटक किती आहे हे मोजण्याच्या शास्त्रात, एम.एस्सी. करावी. तीच यंत्रे पाणी, माती, औषधे आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांत लागतात. नागपूरची ‘नीरी’ ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था तर घरापासून काही तासांवर आहे. बी.एड. नंतरही करता येते.

पुढचे पत्र तिला लिहू द्यावे, आणि ते टपालात पडण्याआधी आपण वाचू नये.