एकच कीबोर्ड-माऊस घरच्या डेस्कटॉपला आणि ऑफिसच्या लॅपटॉपला आळीपाळीने कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की कीबोर्ड, माऊस, वेबकॅम आणि हेडफोन एकच आहेत, दिवसा ऑफिसचा लॅपटॉप असतो, रात्री घरचा डेस्कटॉप, आणि रोज वायरी काढून-घालून जीव मेटाकुटीला आलाय. यूएसबी स्विच घ्या. दोन कॉम्प्युटर एका बाजूला, चार वस्तू दुसऱ्या बाजूला, वर एक बटण. तुमचं काम झालं.

पण तुमचं शेवटचं वाक्य आहे, ‘मित्र म्हणतो स्विचने डेटा उडतो.’ मी उत्तर लिहायला बसले ती त्या वाक्यासाठी. हेच वाक्य मी आमच्या घरात २०१९ पासून प्रत्येक सणाला ऐकत आले आहे.

मी सांगलीत गावभागात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं, काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, आणि गणपती उठले की दिवाळी अंक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या खोलीत माझं ऑफिस. मी आणि मिस्टरांनी सीपीयू आणि मॉनिटर जिन्यावरून वर नेले, प्रिंटर तसाच राहिला आणि गेला. आम्ही मिरजेला नणंदेकडे गेलो तेव्हा माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेली एकच वस्तू होती, लॉक. फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा तो बोटाएवढा यूएसबीचा तुकडा. तो मशीनला लावलेला नसेल तर ते सॉफ्टवेअर मराठीचं एक अक्षर उमटवत नाही, आणि हरवला तर नव्याने सगळे पैसे भरा. दागिने नणंदेच्या कपाटात ठेवले, लॉक मात्र उशाशी घेऊन झोपले.

पाणी ओसरल्यावर ठरवलं की पुन्हा असं झालं तर उचलून नेता येईल असं एक मशीन हवं. म्हणून जुना लॅपटॉप घेतला. त्याचा रोजचाही उपयोग होता. वीज गेली की डेस्कटॉपचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, लॅपटॉप दोन-अडीच तास. पण लॉक एक, आणि ज्या कीबोर्डवर माझा हात बसलाय तो एक. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर टाइपरायटरच्या लेआउटने पन्नास पानं मारून बघा, मनगटं सांगतील.

दुकानात गेले तर दुकानदाराने यूएसबी हब काढून दिला. बहुतेक जण तेच देतात. हब म्हणजे एका कॉम्प्युटरला जास्त भोकं, स्विच म्हणजे एका वस्तूला दोन कॉम्प्युटर. उलटी वस्तू आहे. एकाने तर दोन्ही टोकांना सारखाच चपटा प्लग असलेली वायर दाखवली आणि ‘हिने दोन्ही मशीन जोडा’ म्हणाला. ती वायर दोन कॉम्प्युटरमध्ये कधीही लावू नका. दोन्ही बाजूंनी ५ व्होल्ट समोरासमोर येतात, पोर्ट जायची वेळ येते. तिसऱ्या दुकानात स्विच मिळाला, हजाराच्या आत. घरी त्याला आम्ही डबी म्हणतो.

त्या डबीवर मी कीबोर्ड, माऊस, लॉक आणि चौथ्या जागी बाहेरची हार्ड डिस्क लावली. हे चौथं लक्षात ठेवा. कामाच्या फाइली डिस्कवरच ठेवायचे, म्हणजे ज्या मशीनवर बसेन तिथे अंक तोच.

त्या वर्षीचा दिवाळी अंक १४४ पानांचा, म्हणजे सोळा पानी नऊ फॉर्म. पुरामुळे लेखकांचा मजकूर उशिरा आला, प्रेसवाले रोज फोन करत होते. खंडेनवमीला सकाळी मशीनची पूजा झाली. पूजा केलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावू नये म्हणतात, पण मला ते परवडणारं नव्हतं. हळदकुंकू लावलेल्या सीपीयूवर संध्याकाळपर्यंत पानं लावत बसले. रात्री सेव्हची आज्ञा दिली आणि दसऱ्याच्या श्रीखंडासाठी चक्का टांगायला आत गेले.

दसऱ्यासाठी पुण्याहून माझे धाकटे दीर आले होते. ते स्वतः कॉम्प्युटरच्याच क्षेत्रातले. त्यांना मेल बघायची होती. लॅपटॉप उघडला, कीबोर्ड चालेना म्हणून डबीवरचं बटण दाबलं. डिस्कही लॅपटॉपकडे गेली आणि तिथे ‘डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ अशी पाटी आली. त्यांनी बाहेरून विचारलं, ‘वहिनी, फॉरमॅट करू का?’ मी हातातलं फडकं टाकून धावत आले. ‘भावजी, हात लावू नका!’ एवढंच तोंडातून निघालं.

डिस्क डेस्कटॉपला लावून तपासणी चालवली. सात फॉर्म मिळाले, दोन उघडेनात. बत्तीस पानं. वर्डमधला मजकूर होता, दुरुस्त्या केलेली प्रुफं कागदावर होती, म्हणून दसऱ्याचा दिवस आणि पुढची रात्र जाऊन ती पुन्हा उभी राहिली. त्या दोन दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

भावजींचं म्हणणं एकच. असल्या स्वस्त डब्या वापरायच्याच नाहीत, हे काम आता सॉफ्टवेअरने होतं. त्यांनी दोन्ही मशीनवर बॅरियर टाकून दिलं. माऊस एका पडद्याच्या कडेला नेला की दुसऱ्या पडद्यावर निघतो, मजकूर इकडे कॉपी तिकडे पेस्ट. चांगली गोष्ट आहे, खोटं बोलणार नाही. पण माझ्या पहिल्याच परिच्छेदात जोडाक्षरं तुटली. सॉफ्टवेअर कळांची खबर नेटवर्कवरून पोचवतं, आणि माझं फॉन्टचं सॉफ्टवेअर त्या कळा मधेच पकडून अक्षर घडवतं, त्या दोघांचं जमेना. आणि लॉक? लॉक कुठून जाणार नेटवर्कवरून! तो डेस्कटॉपलाच बसून राहिला, लॅपटॉप मुका. हे मी भावजींना त्याच दिवशी दाखवलं. ते म्हणाले, ‘तुमची केस वेगळी आहे वहिनी.’ आणि दिवाळीला सगळ्या पाहुण्यांसमोर पुन्हा तेच, ‘वहिनींच्या डबीने अंक घालवला.’

म्हणून इथे नीट लिहिते. यूएसबीत एका वस्तूचा मालक एका वेळी एकच कॉम्प्युटर असतो. स्विच दोघांना वाटून देत नाही, तो वस्तू एकाकडून काढून दुसऱ्याला देतो. बटण दाबणं म्हणजे प्लग उपसून दुसरीकडे खोचणं, त्याहून कमी नाही आणि जास्त नाही. कीबोर्ड-माऊस उपसला तर काही बिघडत नाही, दोन सेकंदांत दुसरं मशीन ओळखतं. लिहिणं चालू असलेली डिस्क उपसली तर फाइल तुटते, मग ती स्विचने उपसा नाहीतर हाताने. डिस्क डबीवर लावणं ही माझी चूक होती, ती मी तेव्हाही मान्य केली. न विचारता बटण दाबणं ही माझी चूक नव्हती. आणि डबीची तर कुठलीच नव्हती. तीच डबी आजही माझ्या टेबलावर आहे. त्यानंतर एक पानही गेलेलं नाही, कारण डिस्क आता सरळ डेस्कटॉपला असते आणि लॅपटॉप ती नेटवर्कवरून बघतो.

आता तुमचं. कीबोर्ड-माऊस बिनधास्त स्विचवर. वेबकॅमही चालतो. हेडफोन यूएसबीचा असेल तर चालेल, पण मीटिंग चालू असताना बटण दाबलंत तर आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर जाईल आणि घरभर साहेबांचं बोलणं ऐकू येईल. पेनड्राइव्ह, डिस्क स्विचवर नको. लावायचीच असेल तर आधी ‘इजेक्ट’, मग बटण. डिजिटल सहीचा टोकन असेल (सीए लोकांकडे असतो) तर त्याचा ड्रायव्हर दोन्ही मशीनवर टाकावा लागतो, आणि सही होत असताना बटणाला हात नको. लॉकचंही तसंच, दाबण्याआधी सेव्ह.

घेताना बाहेरून वीज द्यायची सोय असलेला घ्या. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००, आणि त्यातच डबीवरच्या सगळ्या वस्तूंनी भागवायचं असतं. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर तशी वायर सोबत आहे का बघा. वायर लांब नको, यूएसबी २ साठी ५ मीटर ही मर्यादा आहे, टेबलावरच्या कामाला एक-दीड मीटर पुष्कळ. माऊस वायरलेस असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या डिस्कला चिकटून लावू नका. त्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि माऊस अडखळतो. लोक माऊस बदलतात, रिसीव्हरची जागा बदलत नाहीत.

न्यायासाठी सांगते, फक्त कीबोर्ड-माऊसचाच प्रश्न असता तर स्विचचीही गरज नव्हती. लॉजिटेकच्या काही कीबोर्डांवर तीन मशीनसाठी तीन बटणं असतात. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाऊट बॉर्डर्स फुकट आहे, ते २०२३ पासून त्यांच्याच पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरच्या संचात मिळतं. दोन्ही मॅक असतील तर ॲपलची सोय २०२२ पासून आहे. बॅरियरच्या जागी आता इनपुट लीप बघा. पण तुमच्याकडे वेबकॅम आणि हेडफोन आहेत, आणि ते यातल्या कशानेही पलीकडे जात नाहीत. शिवाय लॅपटॉप ऑफिसचा आहे. त्यावर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला आयटीवाले बहुधा परवानगी देणार नाहीत, तुमच्या मित्राने हा विचार केलेला दिसत नाही. डबीला काहीच टाकावं लागत नाही.

मॉनिटरही दोघांत एकच असेल तर मात्र हा स्विच पुरणार नाही, केव्हीएम (कीबोर्ड-माऊसबरोबर मॉनिटरही बदलणारा स्विच) लागेल किंवा ती सोय असलेला मॉनिटर. केव्हीएम महाग असतो, आणि काही केव्हीएमवर कीबोर्डाच्या जास्तीच्या कळा चालत नाहीत, तेवढं दुकानात लावून बघा.

आणि डबी हाताच्या वाटेवर ठेवू नका. माझी मॉनिटरच्या मागे वेल्क्रोने चिकटवली आहे. बटण दाबायला मुद्दाम हात मागे न्यावा लागतो.