मलेरिया तीनदा होऊनही शरीराला सवय का होत नाही? पुण्यात बनणारी लस मोठ्यांना चालते का?

गडचिरोलीत नोकरी करणाऱ्या भावाला तीनदा मलेरिया झाला, मग प्रतिकारशक्ती कुठे गेली आणि सीरम इन्स्टिट्यूटची लस त्याला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. लसीचं आधी सांगतो: नाही. ती आफ्रिकेतल्या साधारण 5 महिन्यांपासून पुढच्या बाळांसाठी आहे.

डास चावताना काही डझन परजीवी आत सोडतो. ते तासाभरात यकृतात शिरतात. यकृताच्या पेशीवर एचएलए नावाची 'खिडकी' असते, तिच्यातून आतला परजीवी ओळखून सीडी8 टी-पेशी (शरीराच्या मारेकरी संरक्षक पेशी) त्या पेशीला मारू शकतात. पण बाधित पेशी मोजक्याच, आणि त्या शोधायला हाताशी आठवडाभरच. नंतर परजीवी तांबड्या पेशींत घुसतात. तिथे ही खिडकी जवळपास नसतेच, सीडी8 आंधळ्या! राहिली प्रतिपिंडं. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकाराच्या परजीवीकडे बाधित पेशीच्या पृष्ठभागावर मिरवायच्या एका प्रथिनाची साठेक जनुकं असतात आणि तो एका वेळी एकच वापरतो. प्रतिपिंडं तयार होईतो अंगरखा बदललेला. वर्षानुवर्षं चावे खाल्ले की अशा वेगवेगळ्या प्रतिपिंडांचा साठा जमतो, पण त्याने आजाराची तीव्रता कमी होते, परजीवी पूर्ण जात नाही. तीन वेळा म्हणजे काहीच नाही.

म्हणून सीरमची ही लस, आर21, रक्तातल्या टप्प्याच्या नादी लागत नाही. यकृताआधीच्या परजीवीवरचं सीएसपी प्रथिन ती ओळखायला शिकवते. मात्र एकही परजीवी निसटला, तर यकृतातून हजारो बाहेर पडतात आणि त्यांच्यावर हे प्रथिन नसतं. त्यामुळे प्रतिपिंडांची पातळी खूप वर लागते, ती काही महिन्यांत उतरते. म्हणून चार-चार आठवड्यांनी 3 डोस आणि वर्षाने बूस्टर. मलेरियाच्या हंगामाआधी दिली तेव्हा पहिल्या वर्षी सुमारे 75 टक्के संरक्षण दिसलं. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचं सीएसपी वेगळं, तिथे ही लस उपयोगाची नाही.

भावाचे जुने रिपोर्ट काढा आणि प्रकार बघा. व्हायवॅक्स असेल तर तीन ताप म्हणजे तीन चावे असतीलच असं नाही. यकृतात झोपलेले परजीवी महिन्यांनी उठतात. त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने, जी6पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) तपासून, प्रायमाक्विन या औषधाचा 14 दिवसांचा कोर्स असतो. ताप उतरला की लोक चौथ्या दिवशी गोळ्या सोडतात, घोटाळा तिथेच होतो.