झेड४ ला १७ च्या जागी १९ इंची रिम टाकतोय, पर्फॉर्मन्स टायर कुठले घेऊ?

ब्रँड नंतर सांगतो. तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८९ म्हणजे दुसऱ्या पिढीची, कंपनीची १७ ची रिम काढून १९ ची आफ्टरमार्केट अलॉय बसवायचीय, बजेटचं टेन्शन नाही, फक्त ‘ग्रिपवाला टायर’ सांगा. पण गाडी कुठल्या रस्त्यावर फिरणार ते कुठंच लिहिलं नाहीत, आणि टायर घेताना पहिला प्रश्न तोच असतो. सोलापुरात विजापूर रोडला आमचं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे, वडिलांपासून, असली गिऱ्हाईकं नेहमी येतात, आणि १९ ची रिम म्हटलं की माझं डोकं फिरतं, का ते खाली येईलच.

रिम मोठी म्हणजे ग्रिप जास्त, हे आधी डोक्यातून काढा. रिम रस्त्याला टेकतच नाही, टेकतं ते रबर. १७ वर भारी कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर आणि १९ वर स्वस्तातला टायर असं पावसात शेजारी शेजारी ब्रेक मारून बघा, १७ वाली आधी थांबेल. रिम मोठी केली तरी बाहेरचा घेर तोच ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो, एबीएसचं गणित बिघडतं, म्हणजे जे काही कमी होतं ते साइडवॉलमधून, टायरच्या बाजूच्या भिंतीतून. साइजमधला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉल, आणि शेवटचा रिमचे इंच. २२५/४५ आर १७ ची साइडवॉल १०१ मिलिमीटर, २२५/४० आर १८ ची ९०, आणि २२५/३५ आर १९ ची फक्त ७९. हे २२ मिलिमीटर गेले ना, खड्ड्यात रिम वाचवणारे तेच होते. फायदा काहीच नाही असं म्हणणार नाही, साइडवॉल कमी वाकते म्हणून स्टेअरिंग एकदम शार्प होतं, वळणात गाडी लगेच तोंड फिरवते, ते खरंय. पण बाजारातली ओतीव १९ ची रिम बहुतेक वेळा १७ पेक्षा जड असते आणि ते वजन सस्पेन्शनच्या खाली बसतं, म्हणजे खराब रस्त्यावर चाक उड्या मारतं आणि मिळालेली ग्रिप तिथंच जाते.

आता माझ्या मेहुण्याचं ऐका. बायकोचा धाकटा भाऊ, पोलो जीटी टीएसआय घेतली, १९५/५५ आर १६ वाली. गाडी झकास, मी स्वतः चालवलीय. मला म्हणाला, दाजी, मोठी अलॉय टाकायचीय. मी म्हटलं १६ वरच राहा, चारही टायर चांगले टाक, गाडी वेगळीच वाटेल. त्यावर, “दाजी, १६ वर गाडी दिसत नाय ओ, तुमाला काय कळतंय त्यातलं.” गेला पुण्याला, १८ ची रिम आणि २१५/३५ आर १८ चे कुठल्यातरी कंपनीचे स्वस्त टायर टाकून आला. पैसे सगळे रिममध्ये घातले आणि टायरमध्ये वाचवले! हे उलटं झालं. परत आला तेव्हा नव्वदच्या पुढं स्टेअरिंग थरथरत होतं. दुकानात घेऊन आला, बघतो तर रिमचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटर आणि पोलोच्या हबचा (चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाचा) गोल ५७.१, मधली रिंगच टाकलेली नाही, रिम नुसती बोल्टवर लोंबकळतेय. रिंग मागवल्या, बसवल्या, बॅलन्सिंग करून दिलं, थरथर गेली. आणि त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, तुझ्या जुन्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ८७ होता म्हणजे ५४५ किलो, ह्याचा ८४, म्हणजे ५००. चार टायरला मिळून १८० किलो कमी झाले आणि वर हा एक्स्ट्रा लोडचा टायर आहे, म्हणजे तेवढं वजन पेलायला त्याला हवा जास्त लागते, जुन्या आकड्यावर चालवू नकोस. दोन, स्टेपनी कंपनीची आहे तर कंपनीचे बोल्ट गाडीतच ठेव. फोक्सवॅगनच्या बोल्टचं बूड गोल असतं आणि बाहेरच्या रिमला तिरपं बूड लागतं, एकाचा बोल्ट दुसऱ्याला नीट बसत नाही. “हो हो” म्हणाला.

ऊस तोडणीचा सीझन होता. तुम्ही सोलापूर-पुणे रोडनं रात्री आला असाल तर माहीत असेल, दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. हा बायको, दोन पोरं आणि सासऱ्यांना घेऊन पुण्याहून येत होता, म्हणजे गाडी फुल. मोहोळ सोडल्यावर अशीच ट्रॉली एकदम समोर आली, गाडी डावीकडे घातली आणि कडेच्या तुटलेल्या डांबरात चाक गेलं. गाडी सुटली नाही हे नशीब. पण थरथर सुरू झाली, सावळेश्वर टोलच्या आसपास बाजूला घेतली आणि मला फोन. मी म्हटलं स्टेपनी लाव. तर बोल्ट नाहीत! बोल्ट जुळे सोलापुरात घरी कपाटात. सासूबाईंनी शोधून दिले, मी जॅक, टॉर्च घेऊन गेलो. डाव्या पुढच्या टायरवरून आतल्या बाजूनं हात फिरवला तर अर्ध्या लिंबाएवढा फुगा हाताला लागला, आणि आतल्या बाजूला रिमची कड चांगली चार बोटं रुंदीभर आत दबलेली. अलॉयचा तिरपा बोल्ट मी मुद्दाम स्टेपनीत धरून त्याला दाखवला, बारीक रेघेवर टेकत होता, बाकी सगळी मोकळी जागा. तसाच आवळून निघाला असता तर चाक ढिलं व्हायला किती वेळ लागला असता? मागं पोरं झोपलेली.

एवढं होऊन पुढच्याच साखरपुड्यात सगळ्या पाहुण्यांसमोर काय बोलावं, “दाजींनी बॅलन्सिंग केलं आन टायरच फुगला.” आजही बोलतो. सासरची मंडळी हसतात, विषय बदलतात, आणि मी गप्प बसतो कारण तिथं चार माणसांत साइडवॉलमधले धागे कुणाला समजावणार. म्हणून इथं लिहितो. टायरच्या साइडवॉलमध्ये पॉलिस्टरचे धागे असतात, हवेचा दाब तेच धरून ठेवतात. खड्ड्याची कड आणि रिमची कड ह्यांच्यामध्ये साइडवॉल चिमटीत सापडली की ते धागे तुटतात, मग आतली हवा तिथून रबर बाहेर ढकलते, तो फुगा. कधी लगेच दिसतो, कधी काही दिवसांनी दिसतो. बॅलन्सिंगमध्ये आपण रिमला वजनं चिकटवतो, साइडवॉलला हात लावत नाही. हवा कमी असेल आणि साइडवॉल बुटकी असेल तर चिमटा लवकर बसतो, त्याच्या गाडीत दोन्ही होतं, त्या रात्री गेज लावलं तर बाकीच्या चाकांतही जुन्या आकड्याएवढीच हवा होती.

तर तुमच्याकडे येतो. माझं ऐकाल तर १८. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८, गाडी दिसतेही छान आणि चालतेही छान. १९ च पाहिजे असेल तर ई८९ ला कंपनीच १९ देत होती, पुढे २२५/३५ आठ जे (आठ इंच रुंद) रिमवर, मागे २५५/३० नऊ जे रिमवर, तोच साइज घ्या, स्वतःचं डोकं लावू नका. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची फॅशन आलीय ती तर अजिबात नको, बीड (रिमला धरून बसणारी टायरची कड) सुटतं. पीसीडी (बोल्ट किती आणि ते किती मिलिमीटरच्या गोलावर) ५ बाय १२०, मधलं भोक ७२.६, ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते) कंपनीच्या जवळपास. बीएमडब्ल्यूचा बोल्ट मुळातच तिरप्या बुडाचा असल्यानं पोलोवाली भानगड तुम्हाला नाही, पण बोल्टची लांबी रिमच्या जाडीप्रमाणे बघा, किमान सहा-सात आटे बसले पाहिजेत.

ब्रँड म्हणाल तर पहिली पसंती मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस. ट्रेडवेअर (टायर किती टिकतो त्याचा आकडा, जितका कमी तितका लवकर झिजतो) ३००, म्हणजे रबर मऊ, पण रोजच्या वापरात अगदीच संपून जात नाही, आणि पावसात ब्रेक लागतो. कॉन्टिनेंटल, ब्रिजस्टोन पोटेन्झा, गुडइयर ईगल एफ१ ह्यांच्या वरच्या रेंजचेही चालतील, पण चारही एकाच मॉडेलचे, पुढे एक मागे एक करू नका, मागून ढकलणारी गाडी आहे. ट्रेडवेअर २०० वाले ट्रॅकचे टायर कुणी गळ्यात मारले तर घेऊ नका, साचलेल्या पाण्यात ते तरंगतात. ऑल सीझनही नको, आपल्याकडे बर्फ नाही, सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ असतं.

आणि रिम घ्यायच्या आधी टायर मिळतोय का ते विचारा. जून २०२० पासून बाहेरून नवीन टायर आणायला लायसन लागतं, त्यामुळे असले साइज कधी असतात कधी नसतात, पुढचा मिळतो मागचा नाही असंही होतं. हातात घेतल्यावर साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे बनल्याची तारीख, वाचा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. फार जुना माल सूट देऊन खपवतात, रबर कडक झालेलं असतं, ग्रिपसाठी पैसे मोजताय तर तिथं सूट बघू नका.

हवा सकाळी गाडी गार असताना बघायची. २२५/३५ आर १९ चा लोड इंडेक्स ८८, तोही एक्स्ट्रा लोडमध्ये, म्हणजे ५६० किलो, तुमच्या १७ चा ९१ म्हणजे ६१५. म्हणून १७ चं प्रेशर १९ ला लावू नका, दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर १९ चा आकडा असेल तर तो घ्या. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवायची हा आपल्याकडचा जुना समज सपशेल चुकीचा आहे, हवा कमी असली की टायर जास्त वाकतो आणि जास्तच तापतो. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

दोन गोष्टी राहिल्या. झेड४ मध्ये स्टेपनी नसते, कंपनीचे टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, होते. तुम्ही साधे टाकणार तर सीलंट आणि कॉम्प्रेसर डिकीत ठेवा, आणि साइडवॉल फाटली तर सीलंटचा उपयोग नाही, गाडी उचलूनच न्यावी लागते, १९ वर ही वेळ लवकर येते. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल केले तर अडचण, सुप्रीम कोर्टानंही २०१९ ला हेच धरलं. कंपनीनं दिलेल्या साइजमध्ये राहिलात तर निदान दाखवायला कागद असतो. इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, क्लेमच्या वेळी कळवण्यात अर्थ नाही. टायरच्या वॉरंटीतही खड्ड्याचा मार सहसा धरत नाहीत, आमच्या मेहुण्यानं क्लेम टाकला होता, ‘इम्पॅक्ट डॅमेज’ असं लिहून परत आला. तो कागद त्यानं कुणाला दाखवला नाही. माझ्याकडे त्याचा फोटो आहे.