तालमीतला खांब

प्रश्न : आमच्या तालमीत मल्लखांब बसवायचा आहे. ही विद्या आली कुठून, आणि खांब कसा असावा? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : कुस्तीगिरांनी खांबावर मेहनत करण्याचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात सापडतो. तो लिहिणारा राजा सोमेश्वर तिसरा कल्याणीचा (आजचे बसवकल्याण), म्हणजे तुमच्या उदगीरच्या शेजारचाच! पुढे मागे पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली. निजामाच्या हैदराबादेहून आलेल्या अली नावाच्या मल्लाला हरवण्यासाठी त्यांनी खांबावर सराव केला, असे परंपरा सांगते. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला आपले देशी खेळ दाखवले.

आता खांब. लाकूड सागाचे किंवा शिसवाचे, सरळ आणि बिनगाठीचे. जमिनीवर साडेआठ फूट, खाली जाड, वर निमुळता, मग मान आणि टोकाला बोंड. तीन-साडेतीन फूट गाडा. बुडाला डांबर लावा, नाहीतर वाळवी लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि खांब कलतो. म्हणून खड्डा रुंद घ्या, ती माती काढून टाका, मुरूम-खडीचे थर ठोकून भरा.

खांबाला एरंडेल फडक्याने पुसटच चोळा. ओघळ दिसला की मांड्या सुटल्याच समजा. नवखी मुले सगळा भार हातांवर घेतात आणि दंड भरून येतात; आधी अढी पक्की करून घ्या, म्हणजे मांड्यांच्या पकडीवर हात सोडून थांबता आले पाहिजे. खाली जाड गादी हवीच.