पेव्हरसाठी हेलॉक काढावं का?

प्रश्न : आम्ही सॅन होझेत राहतो. मागच्या अंगणातलं ६०० चौरस फुटांचं लॉन काढून फिरायला जागा करायची आहे. काँक्रीटच्या पेव्हरचं कोटेशन १३,२०० डॉलर आहे. बाइंडर (कण बांधून ठेवणारा पदार्थ) घातलेल्या डीकंपोज्ड ग्रॅनाइटचं, म्हणजे डीजीचं, ५,४००. ओळखीतला एक हँडीमन साधा डीजी २,४०० रोख घेऊन टाकून देतो म्हणतो. नवऱ्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर आहे. चार महिन्यांच्या खर्चाची शिल्लक वेगळी आहे, त्याशिवाय ६,५०० डॉलर हाताशी आहेत. उन्हाळ्यात सासू-सासरे येतील. सासरे काठी घेऊन चालतात. पेव्हर हेलॉकवर, म्हणजे घराच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जावर, घ्यावेत का?

उत्तर : नको. मधलं कोटेशन घ्या, हातातल्या पैशांतून.

१३,२०० डॉलर ८ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला २६८ च्या आसपास जातील आणि व्याजच सुमारे २,८६० होईल. तेही दर बदलला नाही तर. हेलॉकचा दर बहुतेक वेळा बदलताच असतो. घराच्या सुधारणेसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज करातून वजा होऊ शकतं, पण स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) सोडून आयटमाइझ केलंत, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवलीत, तरच. एकाची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर असताना अंगणातल्या फरशीसाठी घर गहाण टाकणं मला पटत नाही.

डीजी म्हणजे झिजून भुगा झालेला ग्रॅनाइट. आपला मुरूम जसा झिजलेल्या बसाल्टचा, तसाच हा त्याचा कॅलिफोर्नियातला चुलतभाऊ. गावी अंगणात मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मस केलेली पाहिली असेल, तर काम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गंमत म्हणजे यातल्या एका प्रकारच्या बाइंडरमध्ये चक्क इसबगोलाची पूड असते. पाणी लागलं की ती फुगून कण धरून ठेवते.

टिकाऊपणा मात्र वरून दिसत नाही, तो खाली असतो. साधारण चार इंच खडीचा दाबलेला पाया, त्यावर दोन थरांत मिळून तीन इंच डीजी, कडेला स्टीलची पट्टी आणि घरापासून बाहेरच्या बाजूला एक-दोन टक्के उतार. तीन इंचांच्या हिशेबाने ६०० फुटांना दाबून साडेपाच घनयार्ड माल बसतो; दाबल्यावर तो आटतो, म्हणून आणावा लागतो त्याहून जास्त. कोटेशनमध्ये हे आकडे लिहून मागा. हँडीमन बहुधा इथेच पैसे वाचवतोय, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचे चर दिसतील. शिवाय सुटा डीजी काठीखाली सरकतो.

कायद्याचंही बघा. कॅलिफोर्नियात २०२५ पासून १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लायसन्स लागतं, लँडस्केपिंगचं सी-२७. नंबर राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर बोर्डाच्या साइटवर तपासा. आगाऊ रक्कम कामाच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी असेल त्याहून जास्त मागता येत नाही. तुमच्या बाबतीत ती ५४० डॉलर होते.

व्हॅली वॉटर ही तुमच्या भागातली पाणी संस्था लॉन काढण्यासाठी रिबेट देते; लॉन उपटण्याआधी त्याचा अर्ज मंजूर करून घ्या. नंतर केलेला अर्ज धरत नाहीत. पण रिबेट नुसत्या डीजीवर मिळत नाही, कमी पाण्याची झाडंही लावावी लागतात. बाइंडरवाला डीजी पाणी झिरपणारा म्हणून चालेल का, तेही त्यांच्याकडून ईमेलवर विचारून घ्या. हे पैसे हातात येईपर्यंत हिशेबात धरू नका.

डीजीला डागडुजी लागते. वर्षाला २०० डॉलर बाजूला टाका. दहा वर्षांत २,००० झाले तरी एकूण ७,४००, आणि पेव्हर व्याजासकट १६,०६०. पेव्हरच्या सांध्यांतही गवत उगवतंच! पावत्या जपून ठेवा. घर विकताना सुधारणेचा खर्च मूळ किमतीत मिळवता येतो, म्हणजे नफा तेवढा कमी धरला जातो. नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर सहसा कर नसतो, पण तुमच्या भागात नफा त्यापुढे जाणं काही नवलाचं नाही.

एकाच ठिकाणी मी पेव्हर घालीन : मागच्या दाराशी, ४० फूट. डीजीची कच बुटांना चिकटून आत येते आणि लाकडी फ्लोअरवर ओरखडे काढते. तुमच्याच दरांनी ५६० फूट डीजीचे ५,०४० आणि पेव्हरचे ८८० मिळून ५,९२० होतात. छोट्या तुकड्याला कॉन्ट्रॅक्टर दर थोडा चढा लावेल, तरी ६,५०० च्या आत बसायला हरकत नाही.