जुना कंटेनर घेताना ए ग्रेड, कार्गो वर्दी, डब्ल्यूडब्ल्यूटी म्हणजे नक्की काय?

तुम्ही विचारलंय की सिन्नरजवळ शेतावर मोटार, ड्रिपचे पाइप आणि खताच्या गोण्या ठेवायला 20 फुटी कंटेनर घ्यायचाय, एक डीलर ए ग्रेड म्हणतो, दुसरा कार्गो वर्दी, तिसरा म्हणतो वन ट्रिप घ्या नवाच आहे, आणि तिघांच्या भावात बराच फरक आहे. मी न्हावा शेवा बंदराच्या बाजूला यार्डात कंटेनर तपासायचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ए, बी, सी ह्या अक्षरांवर जाऊच नका. त्यांचं सगळीकडे चालेल असं एकच ठरलेलं माप नाही, प्रत्येक यार्ड आपापल्या परीने लावतं आणि बरेचदा नुसता रंग आणि पोचे बघून लावतं. डीलरला सरळ विचारा, कार्गो वर्दी आहे, डब्ल्यूडब्ल्यूटी आहे की ॲज इज आहे (अर्थ खाली सांगतो). ह्या शब्दांना निदान काहीतरी ठाम अर्थ आहे.

वन ट्रिप म्हणजे कारखान्यातून (बहुतेक चीनमधल्याच) निघाला, एकदा माल भरून आला आणि विकायला काढला. थोडे ओरखडे असतात पण दारं हलकी, फ्लोअर स्वच्छ, गंज जवळपास नाही. ऑफिस किंवा राहायची खोली करायची असेल तर हाच घ्यावा. खतं आणि पाइप ठेवायला एवढे पैसे घालायची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत.

कार्गो वर्दी म्हणजे अजूनही माल भरून जहाजावर चढवता येईल असा, सांगाडा शाबूत. दारावर सीएससीची एक धातूची प्लेट असते, कंटेनरच्या सुरक्षिततेबद्दलच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार लावलेली. तिच्यावर बनल्याचा महिना-वर्ष आणि जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं. बनल्यापासून 5 वर्षांच्या आत पहिली तपासणी आणि मग दर 30 महिन्यांनी असा नियम आहे, किंवा मालक कंपनीचा मंजूर तपासणी कार्यक्रम असेल तर प्लेटवर एसीईपी असं असतं. तुम्हाला कंटेनर जहाजावर पाठवायचा नाहीये त्यामुळे तपासणी चालू असण्याची सक्ती नाही, पण बनल्याचं वर्ष नक्की वाचा. शिपिंग आणि लीजिंगवाले साधारण 10 ते 15 वर्षांनी कंटेनर काढून टाकतात, बाजारात येणारा जुना माल बहुतेक ह्याच वयाचा असतो.

डब्ल्यूडब्ल्यूटी म्हणजे विंड अँड वॉटर टाइट, वारा-पाणी आत येत नाही, बस एवढंच. सांगाड्याबद्दल त्यात काही सांगितलेलं नसतं. तुमच्या कामाला चांगला डब्ल्यूडब्ल्यूटी पुरतो, फक्त ती गॅरंटी तपासली त्या दिवसाची असते हे लक्षात ठेवा, दोन पावसाळ्यांनंतरची नाही. आणि ॲज इज म्हणजे जसा आहे तसा, भोक निघालं तरी तक्रार नाही, स्वतःकडे वेल्डर असेल तरच त्या वाटेला जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वतः जाऊन बघा आणि शक्यतो भर दुपारी. आत जा, बाहेर ओळखीचा माणूस उभा करा, दारं लावून घ्या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, कुठे सुईएवढा जरी उजेड दिसला तरी तिथून पाणी येणार. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर रबर गेलंय. शिडी लावून टप बघाच, कारण क्रेनचा स्प्रेडर (कंटेनर वरून पकडून उचलणारी चौकट) आपटून कोपऱ्यांजवळ पोचे पडतात, त्यात पाणी साचतं आणि पत्रा तिथूनच जातो. नवीन रंग मारलेला असेल तर जास्त सावध व्हा. बाजूचा नागमोडी पत्रा खालच्या रेलला जिथे वेल्ड केलेला असतो तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, चांगला पत्रा टणक लागतो, सडलेला असेल तर रंगाखालून गंजाचे पापुद्रे सुटतात. खाली वाकून फ्लोअरखालचे आडवे बीम बघा, लोक इथेच बघत नाहीत आणि गंज इथेच जास्त असतो.

फ्लोअर म्हणजे साधारण 28 मिमीचं प्लायवुड, कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं, त्याची नोंदही प्लेटवर असते. तेलाचे किंवा केमिकलचे डाग आणि उग्र वास असेल तर सोडून द्या. आणि हो, पुढेमागे कांदा ठेवायचा विचार असेल तर नको, कांद्याला कांदाचाळीसारखा वारा लागतो आणि बंद कंटेनरमधे दिवसा तापून रात्री टपाला आतून घाम सुटतो. त्याच घामाने युरियाची गोणी दगड होते, म्हणून गोण्या पॅलेटवर ठेवा, भिंतीला चिकटवू नका आणि हवा खेळायला एकदोन व्हेंट बसवून घ्या.

कंटेनर पसंत पडला की सौदा ग्रेडवर नाही, नंबरवर करा. दारावर 4 अक्षरं, 6 आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो, तो पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. नाहीतर बघता एक आणि ट्रेलरवर चढून येतो दुसरा, असं होतं. बिल जीएसटीचंच घ्या. आणि कस्टम्स ड्युटी भरल्याचे कागद मागा, कारण परदेशी कंपन्यांचे कंटेनर 6 महिन्यांत परत पाठवायच्या अटीवर ड्युटी न भरता आत आलेले असतात, इथे विकायचे तर ड्युटी भरावी लागते. कागद नाहीत म्हणून स्वस्त देतो म्हणाला तर तो सौदा घेऊ नका.

भाव ठरवताना ट्रेलर आणि दोन्हीकडच्या हायड्राचा (चढवा-उतरवायच्या क्रेनचा) खर्च धरा, रिकामा 20 फुटी सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. शेतावर चार कोपऱ्यांखाली पक्के ओटे बांधा, थेट मातीत ठेवलात तर चांगला कार्गो वर्दीसुद्धा खालून सडेल. कुठला कंटेनर बघितलात तर प्लेटचा, टपाचा आणि खालच्या बीमचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.