फेणीला जीआय मिळाला, गाळणाऱ्याला काय मिळालं?

तुम्ही विचारलंय, कोल्हापुरी चपलेवरून एवढा गदारोळ झाला, सगळे जीआयबद्दल, म्हणजे मालाचं नाव त्याच्या मुलखाशी जोडणाऱ्या कायदेशीर नोंदणीबद्दल, बोलायला लागले. गोव्याच्या काजू फेणीला, म्हणजे काजूच्या फळाच्या रसातून गाळलेल्या दारूला, तर जीआय २००९ मध्येच मिळालाय. मग फेणी गाळणाऱ्या माणसाचं त्याने भलं झालं का?

थोडंसं झालं. पण व्हायला हवं होतं त्याच्या मानाने फार कमी, आणि जे झालं त्यातलं बहुतेक बाटली भरणाऱ्याच्या पदरात पडलं. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली. माहेरी भट्टी आहे. बाबांनी चालवली, आता धाकटा भाऊ चालवतो आणि हंगामाचा हिशेब मी ठेवते. त्यामुळे जे सांगते ते वहीत बघून सांगते.

आधी काम काय असतं ते ऐका, नाहीतर पैशाचा मुद्दा कळणार नाही. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत. तो पिकून आपणहून खाली पडावा लागतो. मार्च ते मे, दिवस उजाडताच बायका डोंगरावर जातात. हातात खिळा लावलेली काठी असते, तिने बोंडू टोचून उचलायचा, बी पिळून वेगळी करायची, बोंडू डब्यात टाकायचा. आमच्याकडे येणाऱ्या एका काकींचा हात इतका चालतो की बी पिळताना त्या हाताकडे बघतसुद्धा नाहीत. बियांच्या टरफलातल्या चिकाने बोटांची सालं निघतात, म्हणून त्या निघण्याआधी हाताला खोबरेल चोळतात. बोंडू रात्रभर ठेवता येत नाही, त्याच दिवशी रस काढावा लागतो. पूर्वी जांभ्या दगडात कोरलेल्या खळग्यात पायाने तुडवायचे, आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय. तुडवून झाल्यावर चोथ्याचा ढीग करून त्यावर दगड ठेवायचा. त्यातून जो रस सावकाश ठिबकतो तो निरो. पहिला रस दोन-तीन दिवस आंबला की भट्टीवर चढतो आणि एकदा गाळला की हुर्राक होतो. हुर्राकात निरो किंवा आंबलेला रस घालून परत गाळलं की फेणी. हुर्राकाचा जोर साधारण पंधरा टक्के, फेणीचा बेचाळीसच्या आसपास.

आता हे बघा. हुर्राक फार दिवस टिकत नाही, पण तो उतरला की लगेच विकला जातो. एप्रिलमध्ये गिऱ्हाईक दारात येतं, कॅन भरून नेतं, पैसे हातावर. फेणीसाठी तोच हुर्राक परत भट्टीवर चढवायचा, लाकूड जाळायचं, माल ठेवायचा आणि पैशाची वाट बघायची. मजूर रोज संध्याकाळी मजुरी मागणार, त्यांनी मागायलाच हवी. त्यात अबकारी खात्याच्या पावणीत, म्हणजे लिलावात, आपला झोन (काजूच्या रानाचा ठरलेला भाग) मिळवण्यासाठी पैसे आधीच गुंतलेले असतात. अशा वेळी छोटा भट्टीवाला हुर्राकच विकतो. ज्या मालाच्या नावाला जीआय आहे, तो माल करणं त्यालाच परवडत नाही. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे आणि चर्चेत हेच कुणी बोलत नाही.

जी थोडी फेणी गाळली जाते ती कॅनने बाटलीवाल्याकडे जाते. दर तो ठरवतो. एका वर्षी आमच्या भागातल्या चार-पाच भट्टीवाल्यांनी मिळून दर वाढवून मागितला. समोरचा शांतपणे म्हणाला, नको असेल तर ठेवा, दुसरीकडून घेतो. जूनमध्ये पाऊस लागल्यावर तोच माल जुन्या दराने दिला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. बाटलीवाल्याला मी चोर म्हणत नाही. परवाना, कर, बाटली, लेबल, वितरक, वर्षभर अडकलेला माल, हे सगळं त्याच्या डोक्यावर असतं. आज मुंबई-बंगळुरूच्या बारमध्ये फेणीचं नाव निघतं, ते अशाच काही लोकांच्या कष्टाने. पण बाटलीची किंमत चढली आणि कॅनची तिथेच राहिली, हेही खरं.

कायद्याने काय बदललं ते सांगते. जीआयमुळे गोव्याबाहेर कुणी काहीही गाळून त्याला फेणी म्हणू शकत नाही. हे मोठं संरक्षण आहे, ते हलकं लेखू नका. (हा जीआय काजूच्या फेणीचा आहे, माडाच्या फेणीला तो लागू नाही.) २०१६ मध्ये राज्याने अबकारी कायदा बदलून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला, तोवर ती कागदावर देशी दारूच होती. २०२१ मध्ये फेणीसाठी वेगळं धोरण आलं. हे सगळं नावासाठी झालं. नाव राखलं, पण ते नाव ज्या हातांनी कमावलं ते कागदावर आलेच नाहीत.

कागद म्हणजे काय, तर चेन्नईच्या जीआय कार्यालयातल्या नोंदवहीचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात मालाची आणि मालक संस्थेची नोंद होते, ‘ब’ भागात तो माल करणाऱ्या एकेका उत्पादकाची, अधिकृत वापरकर्ता म्हणून. वापरकर्त्याच्या अर्जाची फी आधी ५०० रुपये होती, २०२० मध्ये ती १० रुपयांवर आणली. म्हणजे अडचण पैशाची नाहीच. अर्ज इंग्रजीत, त्यासोबत आपण हा माल करतो याचे पुरावे लागतात. झोन दरवर्षी पावणीने बदलतो, भाट म्हणजे बागायत दुसऱ्याच्या नावावर, कित्येक भट्ट्या फक्त तीन महिने पेटतात. अशा माणसाने कुठला कागद जोडायचा?

कोल्हापुरीचं प्रकरण मला म्हणूनच जवळचं वाटलं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाने तशाच चपला दाखवल्या, इथे संताप उसळला, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. न्यायालयाने ती फेटाळली, कारण जीआयचा हक्क बजावायला नोंदणीकृत मालकानेच यायला हवं. आपल्या लोकांना राग आला, तो मला समजतो. पण कायद्याचं बोलणं सरळ आहे, नोंदवहीत ज्याचं नाव त्याचा आवाज. चपलेची कातडी कमावणारा आणि ती शिवणारा त्या वहीत नसेल, तर परदेशी कंपनीशी भांडणं दूरच, गावातल्या व्यापाऱ्याशीही त्याला भांडता येत नाही.

काजूबियांचं तर आणखी अवघड. गोव्याच्या काजूलाही २०२३ मध्ये जीआय मिळाला, कारण बाहेरून आणलेला काजू ‘गोवा काजू’ म्हणून पर्यटकांना सर्रास विकला जात होता. आपल्या कारखान्यांना लागतो तेवढा कच्चा काजू इथे पिकत नाही, आफ्रिकेतून आणावा लागतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पाकिटावर तसं लिहा ना. बाहेरचा स्वस्त माल आपल्या नावावर खपला की भाव पडतो तो सत्तरी, डिचोली, सांगेतल्या बागायतदाराचा. बीचा भाव पडला की रान साफ करणं परवडत नाही. रान माजलं की खाली पडलेले बोंडू उचलता येत नाहीत, मग फेणीही गेली. बी आणि बोंडू एकाच झाडाचे. सरकारी बैठकांत मात्र बी एका खात्याकडे असते आणि बोंडू दुसऱ्याकडे.

२०२१ मध्ये जीआय मिळालेलं खाजं, म्हणजे जत्रेत मिळणारा गोड खाऊ, तोही याच वाटेने जाईल अशी मला भीती वाटते. जत्रेत रात्रभर दुकान मांडून बसणाऱ्या खाजेवाल्याला याची खबर तरी आहे का, एकदा विचारून बघा.

काय करायला हवं असं तुम्ही पुढे विचाराल. पंचायतीत हंगामाआधी शिबिर लावून प्रत्येक भट्टीवाल्याचा अर्ज मराठी-कोकणीत समजावून भरून घ्यावा, झोनची पावती हाच पुरावा मानावा. हंगामाच्या तोंडावर तीन महिन्यांचं खेळतं भांडवल सहकारी सोसायटीतून मिळावं, म्हणजे हुर्राक विकून मोकळं होण्याची घाई राहणार नाही. आणि बाटलीवर गावाचं नाव छापावं. हे शेवटचं करायला कायदा बदलावा लागत नाही, बाटलीवाल्याने मनात आणलं तर पुरतं.

यंदा भावाचा अर्ज मीच भरला. ‘किती वर्षांपासून उत्पादन करता’ या रकान्यात काय लिहायचं म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या आजोबांच्या लग्नात आपल्याच भट्टीची होती. कागदाचा पुरावा आमच्याकडे फक्त अकरा वर्षांचा आहे, म्हणून तिथे अकरा लिहिलं.